पायऱ्या कोणी घातल्या?

पुण्यात, ठाण्यात, नाशकात नवी इमारत उठली की तिची जाहिरात लिफ्टची असते. एक नव्हे दोन लिफ्ट, त्यातली एक स्ट्रेचर मावेल एवढी! आत जाऊन बघा. पार्किंगच्या फरशीपासून त्या लिफ्टच्या दारापर्यंत सहा पायऱ्या. लिफ्ट बारा मजले चढणार आणि जिच्यासाठी ती आणली ती म्हातारी तीन फूट चढता येत नाही म्हणून पार्किंगात बसून राहणार. याला कोणी मूर्खपणा म्हणेल. आम्ही लबाडी म्हणतो. मूर्खपणा एखाद्या इमारतीत होतो. गल्लीतल्या प्रत्येक इमारतीत जो सापडतो तो हिशेब असतो.

हिशेब असा. लिफ्टला सर्वांत खालच्या थांब्याखाली साधारण दीड मीटर खड्डा लागतो. पुण्यात खाली काळा पाषाण; तो फोडायला पैसे पडतात, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, पंप बसवावा लागतो. त्यापेक्षा पहिला थांबाच वर उचलला की तेवढे खणणे वाचले! खाली तळघर असेल तर बिल्डरच्या हाती आणखी एक ढाल येते. राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की तळघराचे छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ आणि जास्तीत जास्त १.२ मीटर वर असावे, म्हणजे हवा खेळेल आणि पाणी शिरणार नाही. "बघा, नियमच आहे," असे म्हणून हे गृहस्थ हात वर करतात. अहो, छत कुठे असावे हे नियमाने सांगितले. दारात पायऱ्या घाला असे कोणत्या नियमात लिहिले आहे, ते पान आम्हाला काढून दाखवा!

फाटकापासून दारापर्यंत अठरा मीटर अंतर असेल, तर सगळे अंगणच १:२० ने चढते केले की ते ९० सेंटिमीटर भरून निघतात. चालणाऱ्याला चढ आहे हे जाणवतही नाही. दारापुढचा शेवटचा पट्टा किंचित बाहेर उतरता ठेवा, त्याला आडवी जाळीची गटार द्या, पाणी तिथेच अडते. जागा अपुरी असेल तर लिफ्टला पार्किंगच्या पातळीवर थांबा द्या आणि खड्डा तेवढा खोल खणा. डिप्लोमा झालेल्या कोणत्याही पोराला हे येते. मात्र ते पाया खणण्याआधी ठरवावे लागते, आणि पाया खणण्याआधी आमच्या बिल्डरांच्या डोक्यात फक्त चौरस फूट असतात.

काही ठिकाणी उतार असतो. तो पाहिला की टाळकेच सरकते. ९० सेंटिमीटर चढायला १:१२ च्या मापाने १०.८ मीटर लांबी हवी, शिवाय टेकायला सपाट जागा. यांचा उतार अडीच मीटरचा आणि वर चकचकीत ग्रॅनाइट! चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही, उतरताना मात्र हातची सुटते. नकाशावर 'रॅम्प' हा शब्द उमटला, साहेबांची सही झाली, संपले.

आणि रोज काय घडते? वॉचमन आणि कोणाचा तरी ड्रायव्हर पुढे येतात आणि कमावता, शिकलेला, स्वाभिमानी माणूस सिमेंटच्या पोत्यासारखा उचलून वर ठेवतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. गुडघे बदललेल्या कितीतरी आज्या त्या आकड्यात आल्याही नसतील.

तांत्रिक अडचणींचे रडगाणे गाणाऱ्यांनी शिकागोजवळच्या बोलिंगब्रुक गावाकडे पाहावे. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया साडेतीन फूट खाली न्यावाच लागतो. एवढे खणायचेच तर तळघरही करून घेतात. घरे लाकडाची. ओली माती लाकडाला भिडली की ते कुजते, म्हणून जोते उंच ठेवायची रीत. आमच्या बिल्डरांपेक्षा भक्कम सबबी तिथे आयत्या होत्या! तरी २००३ मध्ये त्या गावाने नियम केला की नव्या घराला एक तरी दार बिनपायरीचे हवे. जमिनीच्या तुळया पायाच्या भिंतीवर न टेकवता आतल्या खोबणीत खाली उतरवायच्या, दाराशी माती आणि लाकूड यांच्यामध्ये काँक्रीट घ्यायचे, मग माती चढवत दारापर्यंत आणायची. जमते! त्याआधी १९८७ मध्ये अटलांटात एलिनॉर स्मिथ या पोलिओ झालेल्या बाईंनी 'काँक्रीट चेंज' ही चळवळ उभी केली ती याच मागणीसाठी.

आमच्याकडे तर कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४४ म्हणते, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेच्या आराखड्याला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. आस्थापनेत कंपनी येते, फर्म येते, सहकारी सोसायटीही येते. केंद्राने या कायद्याखाली नियम केले ते मात्र असे की पाळले तर पाळले! ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा असे बजावले. शिफारस आणि सक्ती यांतला फरक सरकारला न्यायालयाने शिकवावा लागतो, ही नामुष्की कोणाची?

सोसायटीवाल्यांनो, तुम्हीही सुटत नाही. रॅम्पचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न येतो, "कोणाचे पार्किंग जाणार?" एका मोटारीच्या जागेसाठी शेजाऱ्याला घरात कोंडणारे हे लोक संध्याकाळी त्याच लॉबीत गणपतीची आरती म्हणतात. पायऱ्या विषम असाव्यात की सम, यावर वास्तुतज्ज्ञ बोलावतील; त्या असाव्यात का, हे विचारणार नाहीत.

महापालिका आयुक्तांकडे आमची मागणी एकच. भोगवटा प्रमाणपत्राच्या पाहणीला येणाऱ्या अभियंत्याने चाकाच्या खुर्चीत बसावे आणि कोणाचाही हात न लागता फाटकापासून लिफ्टपर्यंत जावे. पोहोचला तर सही करावी. मध्येच अडकला तर तिथेच बसून फाइलवर 'नामंजूर' लिहावे, आणि बिल्डरला तळघरासकट नवा नकाशा घेऊन बोलवावे.