गाडीची प्रत आणि माणसाची पत



नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वडनेरवरून जातो. डोक्यावर भारा घेऊन तो ओलांडणाऱ्या मजुराला कोणती गाडी थांबते आणि कोणती धूळ उडवीत निघून जाते, हे कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच अमेरिकेतील एका संशोधनाची हकीकत ऐकली की आपली मान आपोआप डोलते. परंतु मान डोलविण्यापूर्वी ती हकीकत नीट तपासली पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

२०१२ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पिफ व त्यांचे सहकारी यांनी सात अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांपैकी दोन भर रस्त्यावरचे होते. गाडीची बनावट, तिचे वय व रूप पाहून तिची प्रत ठरवावयाची. अशा प्रती पाच. रस्ता ओलांडू पाहणाऱ्या पादचाऱ्यास वाट द्यावी, असा तेथील कायदा आहे. तो कोण पाळतो याची नोंद १५२ गाड्यांबाबत करण्यात आली. सर्वांत हलक्या प्रतीची एकही गाडी कायदा मोडून गेली नाही. सर्वांत भारी गाड्यांपैकी मात्र जवळजवळ निम्म्या न थांबता गेल्या. यावरून, माणूस जितका धनवान तितकी त्याची नीती दुबळी, असा बोभाटा जगभर झाला.

हा निष्कर्ष आपणांस गोड लागतो, यात नवल नाही. पण ऐकीव गोष्ट ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, ते केवळ कडू गोष्टींपुरते नव्हे. तेव्हा विचारा : पाहणाऱ्याने प्रत्यक्ष काय पाहिले? त्याने गाडी पाहिली. चालकाची तिजोरी पाहिली नाही आणि त्याचे मनही पाहिले नाही. आपल्या देशात तर भारी गाडीचे चाक पुष्कळदा पगारी माणसाच्या हाती असते व धनी मागे बसलेला असतो. मग दोष कोणत्या वर्गाच्या खाती मांडावयाचा? शिवाय १५२ गाड्या पाच प्रतींत विभागल्या म्हणजे एकेका प्रतीच्या वाट्यास थोड्याच येतात. तेवढ्यावरून अखिल मनुष्यजातीचा न्याय करणे धाडसाचे आहे.

आता दुसरी हकीकत ऐका. अँड्रिओनी, निकिफोराकिस व स्टूप या तिघांनी नेदरलँड्समधील श्रीमंत व गरीब घरी दुसऱ्याच्या नावाची पाकिटे मुद्दाम चुकून आल्यासारखी टाकली. आत काय आहे ते बाहेरून दिसत होते. काहींत रोख पैसे होते. २०२१ साली त्यांनी निकाल छापला. श्रीमंतांनी गरिबांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात पाकिटे परत केली! मग गरीब अप्रामाणिक ठरले काय? नाही. पैशाची गरज आणि दारिद्र्याचा ताण हिशेबात धरताच दोन्ही वर्गांतील अंतर नाहीसे झाले, असे त्याच संशोधकांना आढळले. स्वभाव सारखाच, ओझे मात्र निराळे.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचे हेच सार नव्हे काय? राजाने निर्धनांस धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्य वाढले, म्हणून चोरी वाढली. तेथे चोराच्या जातीची वा कुळाची चर्चा नाही, कारणाची आहे.

एखाद्या वर्गाचे आचरण दुरून पाहावे व त्यावरून त्याचा स्वभाव ठरवावा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे पारध्यांसारख्या अनेक जमातींतील मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय अद्याप गेलेला नाही. जी फूटपट्टी आपल्या पाठीवर मोडली, तीच उचलून आज आपण दुसऱ्यास मोजावे काय? सुत्तनिपातातील वसलसुत्त माणसास जन्माने नव्हे, कर्माने ओळखावयास सांगते. हा नियम झोपडीला लागू आहे, तसाच माडीलाही लागू आहे.

यात आपल्या हक्काचाही प्रश्न गुंतलेला आहे. गरीब हा श्रीमंताहून अधिक सज्जन आहे, म्हणून त्याला मजुरी, जमीन, शाळा व मान मिळावा, असे आपण म्हणू लागलो, तर ज्या दिवशी आपल्यातील एखादा परक्याचे पाकीट ठेवून घेईल, त्या दिवशी सर्वांचा हक्क बुडाला असे समोरचा म्हणेल. हक्क हे सद्वर्तनाचे बक्षीस नव्हे. तो माणूस म्हणून आहे व संविधानाने मान्य केलेला आहे. महामार्गावर वाट मिळणे हाही पादचाऱ्याचा हक्क आहे, गाडीवाल्याची कृपा नव्हे.

म्हणून घरातील मुलामुलींना दोन गोष्टी शिकवा. दुसऱ्याचे पाकीट हाती आले तर ते परत करावे, कारण न दिलेले घेऊ नये हे आपण शीलाने स्वीकारले आहे. आणि कोणी एखाद्या वर्गाच्या नीतीचा आकडा सांगू लागला, मग तो आपली निंदा करो वा स्तुती, तर त्याला विचारावे : आपण काय मोजले, किती मोजले, आणि त्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे मोजले काय?