कुंडी निवडताना

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कुंड्या भेट देण्याची प्रथा आता बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. ती स्वागतार्हच आहे. मात्र देणाऱ्याची नजर बहुधा रंगावर आणि नक्षीवर असते. कुंडी कशाची बनलेली आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. झाडाचे जगणे मात्र पुष्कळ अंशी त्याच प्रश्नावर अवलंबून असते.

भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते. तिच्या अंगातून ओल झिरपून वाळते, त्यामुळे मुळांशी गारवा राहतो आणि त्यांना हवाही मिळते. जोर्वे व इनामगाव येथील उत्खननांत सुमारे 3,000 वर्षांपूर्वीची खापरे मिळाली. भाजलेली माती किती टिकते, याचा तो पुरावाच होय. परंतु माती टिकली तरी भांडे फुटते, हेही तीच खापरे सांगतात. प्लास्टिकची कुंडी हलकी असते व ओल धरून ठेवते. पण पातळ प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते, काळे प्लास्टिक तापते आणि तळाला छिद्रे नसली तर मुळे कुजतात. सिमेंटची कुंडी भक्कम, पण एकदा ठेवली की हलवणे कठीण. नवी असताना तिच्यातून चुन्याचा अंश उतरतो. म्हणून काही दिवस पाणी भरून ओतून टाकावे, मगच रोप लावावे. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि पुढे गंजतो.

निवासी शाळेत याला आणखी एक बाजू आहे. उन्हाळी सुटीत वसतिगृह रिकामे होते आणि नेमक्या त्याच दिवसांत मातीच्या कुंड्या भराभर वाळतात. मागे राहिलेल्या एकट्या शिपायाने पन्नास कुंड्यांना दोन्ही वेळा पाणी घालावे, अशी अपेक्षा आपण न बोलता करीत असतो. देणगी आपली आणि श्रम दुसऱ्याचे, हा व्यवहार समतेच्या विचारात बसणारा नाही.

म्हणून माझे मत असे : अंगणात, दुपारी सावली येते तेथे, मातीच्या कुंड्या ठेवाव्यात. गच्चीवर फिक्या रंगाच्या, जाड प्लास्टिकच्या कुंड्या बऱ्या. कारण 12 इंची मातीची कुंडी ओल्या मातीसह सहज 20 किलोंच्या पुढे जाते आणि तो भार छतालाच पेलावा लागतो. सिमेंटची कुंडी फाटकाजवळ, कायम एका जागी राहणाऱ्या झाडासाठी असावी.

आणि कुंडी विकत घेण्यापूर्वी, तिला रोज पाणी कोण घालणार हे शाळेत विचारावे. ज्याचे नाव पुढे येईल, त्याचा सल्ला दुकानदाराच्या आधी घ्यावा.