काळी बुरशी आणि अनवाणी पाय

इ. स. २०२१ मध्यें कोरोनाच्या सांथींत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरीं पोहोंचला. वास्तविक त्या रोगाची बुरशी काळी नव्हती. तिनें मारलेलें मांस काळें पडे. स्वतः काळा रंग धारण करणारी बुरशी निराळी असून तिचा संबंध आम्हां शेतकऱ्यांशीं अधिक निकटचा आहे.

ही बुरशी जमिनींत राहते. अनवाणी पायांत बाभळीचा कांटा मोडला म्हणजे त्याबरोबर ती आंत शिरते. पुढें कित्येक महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, तेथें गांठ येते, पाय सुजतो, त्यास भोंकें पडतात व पुवाबरोबर काळे कण बाहेर येतात. इलाज न झाल्यास रोग हाडांत उतरतो व पाय कापण्याची वेळ येते. यासच ‘मदुरा पाय’ म्हणतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनीं इ. स. १८६० मध्यें यास ‘मायसेटोमा’ हें नांव दिलें. जागतिक आरोग्य संघटनेनें मात्र त्यास उपेक्षित रोगांत २०१६ सालीं गणलें. इतका विलंब कां? हा रोग अनवाणी चालणाऱ्या गरिबाचा, हेंच त्याचें कारण आम्हांस दिसतें.

या रोगाचें कपट असें कीं, आरंभीं गांठ दुखत नाहीं. न दुखणाऱ्या गांठीसाठीं गडी आपला रोज बुडवून दवाखान्यांत जात नाहीं, आणि काम चालतें आहे तोंवर मालकही विचारीत नाहीं. उपचारास सोपी वेळ नेमकी तीच असते. मागाहून महिनोन्‌महिने औषध व बहुधा शस्त्रक्रिया, दोन्ही करावीं लागतात.

बैलास पत्र्या ठोकण्याच्या खर्चास आपण कुरकुरत नाहीं. मग कुंपणास कांट्या लावणाऱ्या गड्याच्या पायांत जाड तळाचा जोडा कोणीं घालावा? आमच्या मतें मालकानें. भाताच्या चिखलांत जोडा चालत नाहीं हें खरें; पण कांट्या तोडतांना व सरपण वाहतांना त्यास कांहीं अडचण नाहीं. कांटा मोडल्यास पुरता काढून जखम साबणानें धुवावी. त्या जागीं पुढें गांठ दिसतांच, ती दुखो वा न दुखो, मजुरी न कापतां गड्यास डॉक्टरकडे पाठवावें.

जोड्याची किंमत एका हंगामांत विसरली जाते. गेलेला पाय मात्र पुन्हां औतामागें उभा राहत नाहीं.