खारकेवर पाटी लावा, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : सुट्या विकल्या जाणाऱ्या खारीक, सुकामेवा, हिंग, खसखस आणि सैंधव मिठावर मूळ देशाची पाटी सक्तीची करण्याबाबत



धारवाडच्या खासदारांना मराठीत पत्र लिहिताना सोबत भाषांतर जोडावं लागणार नाही, असं मी धरून चालते.

मी पुण्यात ऑर्डरप्रमाणे डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू करून देते. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक बाळंतिणींच्या आया आणि सासवा. डिंक आपल्याच जंगलातला, धावड्याचा. खोबरं दक्षिणेतलं. पण खारीक आजवर बहुतेक सिंधमधली, खसखस बरीचशी तुर्कस्तानची, जर्दाळू आणि अंजीर अफगाणिस्तानातले. सरहद्दीवर काही झालं की त्याची बातमी मला वर्तमानपत्राइतकीच वाण्याच्या बिलावरून कळते.

२३ एप्रिल २०२५ रोजी सरकारने अटारीची तपासणी चौकी बंद केली. आदल्या दिवशी पहलगामजवळ जी माणसं मारली गेली, त्यांत पुण्याचेही दोघे होते. तेव्हा ती चौकी उघडा, असं सांगायला हे पत्र नाही. २ मे रोजी पाकिस्तानात तयार झालेल्या किंवा तिथून निघालेल्या प्रत्येक मालाच्या आयातीवर सरसकट बंदी आली, मग तो थेट येवो वा दुसऱ्या देशातून फिरून येवो. त्यावरही माझी तक्रार नाही. देशाला किंमत मोजावी लागते आणि ती आम्ही मोजू. आपण नेमकी कशाची किंमत मोजतोय, एवढं कळावं, इतकीच इच्छा आहे. आज ते कळत नाही.

खारकेचंच घ्या. सिंधमध्ये खैरपूर आणि सक्करच्या बाजूला खजुराच्या बागा आहेत. जुलै-ऑगस्टात पाऊस गाठेल म्हणून तिथला बागाईतदार बरंचसं फळ झाडावर पूर्ण पिकू देत नाही. पिवळं, कडक असतानाच घड उतरवतो, मोठ्या कढयांत उकळतो आणि उन्हात वाळवतो. ती आपली खारीक. कच्छमध्येही खजूर होतो, २०२४ मध्ये तिथल्या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळ पावसाच्या तोंडावर ताजंच विकून संपतं. उकळून वाळवण्याचा धंदा आपल्याकडे सिंधच्या मापाने उभाच राहिला नाही. त्यामुळे ओटीतली खारीक, गणपतीच्या पूजेत विड्यापाशी हळकुंड-सुपारीशेजारी ठेवलेली खारीक आणि मोमीनपुऱ्यात ईदला शीरखुर्म्यात पडणारी खारीक, वर्षानुवर्षं बहुतेक सिंधचीच होती. पुलवामाच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसलं. तरी पुण्यात खारीक दिसेनाशी झाली नाही. महाग मात्र झाली.

उपवासाच्या सैंधव मिठाची गत तीच. पाकिस्तानी पंजाबातली खेवड्याची खाण हा त्याचा मोठा स्रोत होता. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ खनिज मीठ निघतं, पण ते थोडं. आषाढी एकादशीला साऱ्या महाराष्ट्राने साबुदाण्यात घालावं इतकं ते नक्कीच नाही.

ताज्या भाजीच्या बाबतीत सीमा बंद होण्याचा हिशेब सरळ असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झाल्या, तोरखमचं नाकं बंद पडलं आणि पाकिस्तानात टोमॅटो किलोला ६०० पाकिस्तानी रुपयांच्या आसपास गेला. माल आला नाही, भाव चढला, संपलं. सुक्या मालाचं तसं नसतं. खारीक, बदाम, हिंग महिनोन्महिने पोत्यात आणि शीतगृहात टिकतात. नवा हंगाम ऑगस्टनंतरचा, आणि खरी मागणी गणपतीपासून थंडीच्या लाडवांपर्यंतची. एप्रिलमध्ये चौकी बंद झाली तेव्हा दुकानातल्या पोत्यात माल आधीचा, आधीच्या भावाने घेतलेला होता. तरी बातमीपाठोपाठ भाव चढले. रविवार पेठेत मी विचारलं, तर उत्तर आलं, "काकू, वरून माल बंद झालाय." पोतं तेच होतं. दुकानदाराला मी लुटारू म्हणणार नाही. पुढचं पोतं कितीला पडेल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो हातातल्या पोत्यावरच सावधगिरी काढून घेतो. पण टंचाईने वाढलेला भाव कुठला आणि धास्तीने वाढलेला कुठला, हे सांगणारं मधे कुणीही नव्हतं.

अफगाणी मालाची तर विनाकारण फरफट झाली. त्याच्याशी आपलं काही वैर नव्हतं, पण रस्ता पाकिस्तानातून जात होता, आणि पाकिस्ताननेही २४ एप्रिलला आपल्या बाजूने वाघा बंद करून टाकलं. ट्रक वाटेत अडकले. पुढे १६ मे रोजी भारताने १६० अफगाणी ट्रकांना खास बाब म्हणून अटारीतून येऊ दिलं. चांगलं केलं. काबूलच्या व्यापाऱ्याचा विचार झाला, हे आपल्या परराष्ट्र धोरणाला शोभतं. आता मार्केट यार्डापासून पेठेपर्यंत पिशवी घेऊन फिरणाऱ्या पुणेकराचाही व्हावा.

खरी गोम मात्र पुढे आहे. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावाशेवा बंदरात ३९ कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी. पाकिस्तानात तयार झालेला, दुबईमार्गे फिरवून आणलेला, आणि त्यात खारीकही होती. कागदावर मूळ देश संयुक्त अरब अमिराती. आता दुबईकडे खजूर पिकत नाही असं नाही, भरपूर पिकतो. म्हणूनच ही थाप पचते. हिशेब केला तर हा माल किलोला साधारण ८० रुपयांचा होतो. पुण्यात खारीक या भावाने मिळाल्याचं मला अलीकडे आठवत नाही. सीमा बंद झाल्यावर आम्ही जो जादा पैसा मोजतो, त्यातला काही देशाच्या निर्धाराचा खर्च असेल आणि काही कराचीहून दुबईला वळसा घालून येणाऱ्या कंटेनरचं भाडं असेल. माझ्या पिशवीतली खारीक यांपैकी कुठली, हे मी कसं ओळखायचं? चव घेऊन?

सफरचंदाची गोष्ट आठवते का? मे २०२५ मध्येच, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद विकणं बंद केलं. सरकारने हुकूम काढला नव्हता. व्यापाऱ्यांनी ठरवलं, गिऱ्हाइकांनी साथ दिली, हिमाचलकडून आणि इतर ठिकाणांहून माल मागवला गेला. देशभर बातमी झाली. पण हे जमलं कशामुळे, याचा विचार फारसा कुणी केला नाही. आयात सफरचंदावर देशाचं नाव लिहिलेलं स्टिकर असतं. गिऱ्हाईक फळ फिरवून बघतं आणि ठरवतं. त्याच आठवड्यात, त्याच शहरात, तुर्की खसखस किलो-किलोने विकली जात होती. भारतात बाहेरून येणाऱ्या खसखशीत तुर्कस्तानचा वाटा मोठा आहे, आणि अफूशी नातं असल्याने तिची आयात केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या नोंदणीशिवाय होत नाही. म्हणजे ती कुठून आली हे सरकारला पक्कं ठाऊक असतं, फक्त दुकानाच्या फळीपर्यंत ते पोचत नाही. मी त्या दिवसांत लाडवांत तीच खसखस घातली असणार. बहिष्कार घालायचा की नाही हा निर्णय माझा असायला हवा होता, पण मला तो घेताच आला नाही.

आता आपल्या मंत्रालयाकडे येते. वैधमापन कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार बाहेरून आलेल्या पाकीटबंद वस्तूवर मूळ देश लिहावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण आणखी पुढचं पाऊल टाकलं : ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी मूळ देशानुसार वस्तू निवडण्याची सोय द्यावी, असा मसुदा काढला. उत्तम. म्हणजे बाणेरमध्ये मोबाइलवर बदाम मागवणाऱ्याला देश निवडता येईल आणि रविवार पेठेत पोत्यासमोर उभ्या असलेल्या बाईला येणार नाही. सुकामेवा, हिंग आणि मसाले आपल्याकडे अजून मोठ्या प्रमाणात सुटेच विकले जातात. पूजेच्या तयार पिशवीत खारीक असते, तिच्यावर तर काहीच नसतं. विक्रेता ती खाद्यवस्तू मानतच नाही, पूजेनंतर आम्ही मात्र ती खातो.

भावांचंही तसंच. आपलं मंत्रालय रोज देशभरातल्या केंद्रांवरून भाव गोळा करतं. ऑगस्ट २०२४ मध्ये या यादीतल्या वस्तू २२ वरून ३८ झाल्या. जिरं, हळद, वांगी, केळीसुद्धा आली. मीठ आहे ते आयोडीनवालं, सैंधव नाही. हिंग नाही. खारीक नाही. बाहेरून येणाऱ्या आणि सीमेवरच्या एका निर्णयाने हलणाऱ्या नेमक्या याच वस्तू यादीबाहेर राहिल्या. अटारी बंद झाल्यावर पुण्यात खारीक कितीने वाढली याचा सरकारी आकडा मी या पत्रात देऊ शकले असते, तर पत्र बरंच आखूड झालं असतं.

सीमा बंद केल्यावर भावाची जबाबदारी घ्यायची असते, हे सरकारला माहीत नाही असं नाही. कांद्याच्या बाबतीत ते चांगलं माहीत आहे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३ : तीनदा निर्यात एका फटक्यात बंद झाली. पहिल्या वेळी तर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी भर सभेत हिंदीतून कोपरखळी मारली होती, की स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय, निदान आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही हेच म्हणायचं होतं. त्याला दिल्लीत सभा मिळाली नाही. पण कांद्यासाठी आपल्याकडे साठा आहे, नाफेड आहे, रोजचा भाव आहे. शहरी गिऱ्हाइकाला झळ लागू नये म्हणून सरकार शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊनही धावतं, हे मला आवडत नाही, पण धावतं हे खरं. हिंगाचा राखीव साठा करा असं मी म्हणणार नाही. वैज्ञानिकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये लाहौलच्या क्वारिंग गावात हिंगाचं पहिलं रोप लावलं, त्यातून हिंग हाती येईपर्यंत आम्ही थांबू. पाटीला इतका वेळ लागायचं कारण नाही.

दुकानदार म्हणतील, माल मिसळलेला असतो, कुठल्या पोत्यात कुठला देश हे आम्हाला तरी काय माहीत. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण बिल ठोक व्यापाऱ्याचं असतं, त्याच्याकडे आयातदाराचं असतं, आयातदाराकडे सीमाशुल्काचा कागद असतो. देशाचं नाव त्या साखळीत वरून खाली यायला हवं, आणि ते प्रत्येक बिलावर लिहायला एक ओळ पुरते. मिठाईवाल्यांनीही असाच सूर लावला होता. सुट्या मिठाईच्या परातीवर "अमुक तारखेपर्यंत खावी" ही पाटी १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची झाली. ते काम अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं होतं, आपल्या खात्याचं नव्हे, तरी दाखला म्हणून सांगते. पुण्यातल्या मिठाईच्या दुकानांत त्या पाट्या आज सर्रास दिसतात. पेढे विकायचे कुणी थांबले नाहीत.

यात फायदा आपल्याच शेतकऱ्याचाही आहे. सांगली-तासगावच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तरीही २०२५ मध्ये चिनी बेदाणा चोरवाटेने येऊन भाव पाडतो, अशी ओरड द्राक्ष बागाईतदारांना करावी लागली. पोत्यावर "तासगाव" आणि शेजारच्या पोत्यावर दुसरं काही लिहिलेलं असलं, तर निवड आम्ही करू. चार पैसे जास्त द्यायची बायकांची तयारी असते, पण कुणाला देतोय हे कळलं तर.

तेव्हा मागणं दोन गोष्टींचं. बाहेरून आलेला सुकामेवा, खारीक, हिंग, खसखस आणि सैंधव मीठ सुटं विकताना भावाच्या पाटीवरच देशाचं नाव लिहिण्याचा नियम काढावा. आणि एखादी सीमा बंद झाली, की त्या वाटेने येणाऱ्या वस्तू निदान सहा महिने भावांच्या यादीत घालाव्यात, पुण्यासह मोठ्या शहरांचे भाव रोज जाहीर करावेत.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. जावयाच्या वाणासाठी अनारसे होतील आणि खसखस एरवीपेक्षा जास्त लागेल. गणपती १४ सप्टेंबरला बसतात. अधिसूचना श्रावणाआधी निघाली, तर दुकानदारांना पाट्या रंगवून घ्यायला पुरेसा वेळ मिळेल.

उत्तर कन्नडमध्ये आलं तरी चालेल. शेजारी वाचून दाखवणारे आहेत.

आपली,
एक लाडूवाली पुणेकर