मुंबई आंदण मिळाली, असें कोण म्हणतो?

गिरगांवांतील खोताच्या वाडींत ज्यांचें बालपण गेलें असे कांहीं विद्यार्थी दरवर्षीं आमच्या वर्गांत असतात. ब्रिटिश अंमलावर निबंध मागितला कीं पहिलें वाक्य ठरलेलें : पोर्तुगालच्या राजानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण दिली. हें वाक्य बाजारांतल्या गाइडांतून उतरलेलें असतें. तें तपासून पाहावें असें विद्यार्थ्यास वाटत नाहीं, ह्यांत त्याचा दोष थोडा व आम्हां प्राध्यापकांचा फार, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तहाचा कागदच उघडावा. २३ जून १६६१ च्या तहांत मुंबई देण्याचें कलम आहे खरें. परंतु त्यास एक गुप्त कलमही जोडलेलें होतें, व त्याअन्वयें हिंदुस्थानांतील पोर्तुगीज ठाण्यांचें डचांपासून रक्षण करण्याचें इंग्लंडच्या राजानें पत्करिलें होतें. ह्यास आंदण म्हणावें कीं सौदा? बरें, आंदण म्हटलें तरी तें हातीं यावयास साडेतीन वर्षांवर काळ लागला. पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. अब्राहम शिपमन शिपायांसह अंजदीव बेटावर खितपत पडला व १६६४ सालीं तेथेंच मेला. त्याचा चिटणीस हंफ्रे कुक ह्यानें १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं ज्या अटींवर बेट घेतलें, त्या लंडनच्या दरबारानें नाकारिल्या.

इंग्रज मुंबईंत बसले कीं पोर्तुगीजांचें हिंदुस्थान गेलें, अशा अर्थाचें पत्र गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो ह्यानें आपल्या राजास लिहिलें. आमचे देशाभिमानी लेखक तें भविष्यवाणी म्हणून मोठ्या हौसेनें सांगतात. पण लिहिणारा कोण? ताबा देण्यांत दिरंगाई करणाराच! त्या दिरंगाईचें समर्थन करण्याचा त्याचा हेतु असूं शकेल, ही शंका ह्या लेखकांस शिवत नाहीं. गाइड एक बाजू घोकतें, हे दुसरी; घोकणें तेंच.

ग्रँट डफच्या १८२६ सालच्या ग्रंथावर नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनीं विद्यार्थिदशेंत टीका केली. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंडामागून खंड छापिले. मराठ्यांच्या इतिहासास अस्सल कागद लागतो आणि इंग्रजांच्या इतिहासास मात्र इंग्रजांचा शब्द पुरतो, हा न्याय कोणता?

साधनें लंडनास आहेत, ही सबब आम्हीं पुष्कळ ऐकिली. १८२१ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें सरकारी दफ्तर लंडनांत नाहीं, आणि वाडी तर चर्नी रोड स्टेशनापासून चालत जाण्याजोगी आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबें स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवितात. हें नांव समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, संघ स्थापून धारण केलें. गोवा-मंगळुराकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, ब्रिटिशांचे ह्या किनाऱ्यावरील सर्वांत जुने प्रजाजन, हें सरकारास दिसावें असा त्यांत हेतु होता. ज्याच्या घराण्याच्या नांवांत ब्रिटिश अंमलाचा एवढा इतिहास आहे, त्यानेंच तो गाइडांत शोधावा!

मध्यंतरीं वाडींतील एक जुनें लांकडी घर रिकामें झालें, तेव्हां आंतील कागदांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे गेला. आमच्या एका विद्यार्थ्यानें त्यांतून चर्चमधील विवाहाचा एक दाखला उचलून आणिला. तो पोर्तुगीज भाषेंत होता. "सर, ह्यांत काय लिहिलें आहे?" असें त्यानें विचारिलें. तीस वर्षें इतिहास शिकविलेल्या आम्हांस वधूवरांच्या नांवांपलीकडे कांहींही वाचतां आलें नाहीं.