सीमेपार गेलो, वेशीपार नाही

आंतरजालाने सीमा पुसल्या, हे वाक्य मराठीच्या चर्चासत्रांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता कुणालाच वाटत नाही. मला ते निम्मे खरे वाटते. उरलेले निम्मे आत्मस्तुती आहे.

खरे काय, ते आधी. १९९६ मध्ये अमेरिकेतून 'मायबोली' सुरू झाले, २००४ मध्ये 'मनोगत' आले, आणि कॅलिफोर्नियातला अभियंता व सदाशिव पेठेतला निवृत्त शिक्षक एकाच कवितेवरून भांडू लागले. युनिकोड रुळण्यापूर्वी तोच फॉण्ट नसला, तर एकाचे मराठी दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उमटे. ती अडचण सरली. हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु मी वज्रेश्वरीला राहतो, आणि सीमोल्लंघनाचे आमच्या भागाला अप्रूप नाही. इथून जवळच गणेशपुरी. नित्यानंदांनी तिथे १९६१ मध्ये देह ठेवला. त्यांचे शिष्य मुक्तानंद १९७० पासून परदेशी जाऊ लागले, आणि तानसा खोऱ्यातले हे खेडे अमेरिकन साधकांच्या रोजच्या बोलण्यात आले. तेव्हा कुठे होते आंतरजाल? देशांच्या सीमा ओलांडायला ओढ पुरते. गावाची वेस ओलांडणे अवघड.

आपल्या आंतरजालीय मराठीची वेस म्हणजे प्रमाणभाषा. 'मनोगता'वर शुद्धिचिकित्सक होता; सोय उत्तमच, पण आगरी घरातले 'पानी' आणि 'डोला' त्याच्या लेखी चूकच ठरणार. त्या यंत्राला तरी का दोष द्यावा? तेच काम मी वर्गात लाल शाईने वर्षानुवर्षे करीत आलो आहे. भिवंडीकडची एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षी अगदी शुद्ध लिहू लागली, आणि त्या शुद्ध निबंधांत तिच्या घरचे एकही माणूस उरले नाही. मी तिला चांगले गुण दिले!

पुढे २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि लिपीची अट गळून पडली. आगरी-कोळी गाणी, विनोद, हळदीचे चित्रण ध्वनीच्या वाटेने जगभर पोचले. उरणचा माणूस, वसईचा माणूस, आखातात नोकरीला गेलेला कुणी, सारे एकाच गाण्याखाली आपल्या बोलीत बोलू लागले. सीमेपलीकडचा सामाईक अवकाश म्हणायचाच असेल, तर मी याला म्हणेन. (त्याची चावी परदेशी कंपनीच्या हाती आहे, हे मला ठाऊक आहे, तो वेगळा वाद.) आमच्या समीक्षकांनी मात्र त्याची 'करमणूक' या एका शब्दात बोळवण केली. ऱ्हस्वदीर्घावर शंभर प्रतिसाद लिहिणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातली बोली ऐकण्यास सवड झाली नाही.

त्या विद्यार्थिनीला मी एकदा विचारले, हल्ली लिहीत का नाहीस? ती म्हणाली, "सर, लिवला का तुम्ही कापता."

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गाला घरच्या बोलीत निबंध लिहायला सांगितले आहे. विभागात कुरकुर सुरू आहे : गुण कशावर द्यायचे?