रिपोर्ट नॉर्मल, पण तिचं मन?

पनवेलला आमच्या शेजारच्या इमारतीतली एक सून परवा घरी आली. मांडीवर चार महिन्यांचं बाळ, सोबत सासू. बोलली सासूच. "बाजी, ही बाळाशी बोलतच नाही. दूध पाजते, लंगोट बदलते, पण तोंडातून शब्द नाही. आता बाळही हिच्याकडे बघून हसत नाही."

सासू चहा करायला आत गेल्यावर कळलं, हे बाळंतपणानंतरचं नव्हतंच. पाचव्या महिन्यापासून तिची झोप उडाली होती. नवरा कुवेतला, त्याची नोकरी डळमळीत, वर गावच्या घराचं कर्ज. कुणाला सांगावं तर एकच उत्तर, "अल्लाहने औलाद दिली, शुक्र कर. नमाज पढ." नमाज ती पढतच होती.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून बायकांची विचारपूस केली होती. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या ७८ टक्के बायकांचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे ओळखायला वेळ होता. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं निघाली. मुलगी झाल्याची नाराजीही त्यात होती. हे वाचून आपण मान खाली घालावी. मुलीच्या जन्माला तोंड पाडणाऱ्यांबद्दल कुरआनात काय म्हटलंय, ते आपल्याला ठाऊक आहे.

तीन-चार महिन्यांचं बाळ नजरेने आणि आवाजाने बोलत असतं. ते हुंकार देतं, आई उत्तर देते, ते पुन्हा हुंकारतं. अमेरिकेतले एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळांनी आधी हसून, हात हलवून आईला बोलावलं. दाद मिळाली नाही तेव्हा तोंड फिरवलं, काही रडली. मन थकलेल्या आईचा चेहरा नकळत असाच राहतो. तिची माया कमी झालेली नसते. आणि घाबरण्याचं कारण नाही, कारण आई पुन्हा बोलू लागली की बाळही परत वळतं.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांनाच शिकवून तयार केलं. त्या नैराश्य असलेल्या गरोदर बाईच्या घरी जाऊन बसत, ऐकत, घरच्यांनाही सामील करून घेत. २००८ साली निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के आया नैराश्यात होत्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. या घरांतले आईबाप बाळाशी जास्त खेळतही होते.

'इमान कमजोर आहे' असं म्हणणाऱ्यांनी सूरह मरियम पुन्हा वाचावी. कळा असह्य झाल्या तेव्हा हजरत मरियम (अ.) यांच्या तोंडून, यापूर्वीच मेले असते तर बरं, असे उद्गार निघाले. त्यावर त्यांना दटावलं गेलं नाही. धीर मिळाला, पाणी मिळालं, खजूर मिळाले.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिन, बीपी, शुगर सगळं बघतात. तिथेच डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा, झोप लागत नाही, रडू येतं, कशातच जीव रमत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असं चाललं असेल तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. जीव नकोसा झाला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आखातातल्या भावांनो, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बाळावरच असतो. आधी तिला विचारा, जेवलीस का, रात्री झोपलीस का.

त्या सुनेला आता डॉक्टर बघताहेत. फजरनंतर बाळ सासूकडे असतं आणि ती दोन तास झोपते. परवा जिन्यात भेटली तेव्हा बाळाला टोपी घालत त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती.